वेट एएमडी: डोळ्यातल्या इंजेक्शनांमधली गॅप वाढवता येते का? नेहमी येणारे प्रश्न

मी बडोद्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दिवसभर ओसीटी मशीनवर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) स्कॅन काढणाऱ्या मशीनवर बसते. माझ्या सख्ख्या आत्यालाही हाच आजार आहे, त्यामुळे खुर्चीच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. रावपुरा, दांडिया बाजार, कारेलीबाग, ओळखीच्या घरांतून फोन येतात आणि फिरून प्रश्न एकच, अजून किती दिवस टोचायचं. परत परत आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. तुमच्या डोळ्याचा निर्णय तुमचे रेटिनाचे डॉक्टर स्कॅन बघून घेतील, हे वाचून कुणी स्वतःची तारीख स्वतः पुढे ढकलू नका.

१. वेट एएमडी म्हणजे नक्की काय? दवाखान्यात फक्त "पडद्यावर सोजो (सूज) आहे" एवढंच सांगतात.

पन्नाशीनंतर पडद्याच्या मधोमध, मॅक्युला म्हणतात त्या जागी झीज सुरू होते, ती एएमडी. ड्राय प्रकार सावकाश चालतो. वेटमध्ये पडद्याच्या खालून नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या कच्च्या असतात, पाझरतात, खाली पाणी नाहीतर रक्त साचतं. मग दाराची चौकट वाकडी दिसते, समोरच्याच्या चेहऱ्यावर मधेच डाग येतो. कडेची नजर शाबूत राहते म्हणून माणूस घरात नीट वावरतो पण पंचांग वाचता येत नाही, बसचा बोर्ड दिसत नाही, आणि घरच्यांना वाटतं चष्म्याचा नंबर वाढला असेल. यात महिने जातात आणि तेच महिने महत्त्वाचे असतात.

२. एकदाच स्ट्राँग इंजेक्शन देऊन का भागत नाही?

कारण औषध वाहिन्या मारत नाही, त्यांना वाढवणारं आणि पाझरायला लावणारं व्हीईजीएफ नावाचं द्रव्य अडवतं. डोळा ते द्रव्य बनवतच राहतो, औषध काही आठवड्यांत ओसरतं, आणि मग पाणी परत. बीपीची गोळी थांबवली की बीपी वर जातं, तसंच हे. म्हणून "इतकी घेतली तरी बरं का होत नाही" असं कुणी रडवेलं होऊन विचारतं तेव्हा मी सांगते की अहो, तुमची नजर टिकून आहे ना, ती या इंजेक्शनांमुळेच टिकली आहे.

३. मग इंजेक्शनं कमी करायची बरोबर पद्धत कोणती?

डॉक्टर लोक तिला ट्रीट अँड एक्स्टेंड म्हणतात. सुरुवातीला महिन्याला एक अशी साधारण तीन, काही औषधांत चार. पडदा कोरडा झाला की चार आठवड्यांचे सहा, सहाचे आठ, आठचे दहा असं दोन-दोन आठवड्यांनी अंतर वाढवत जायचं. प्रत्येक भेटीत ओसीटी होतो आणि इंजेक्शनही दिलं जातं, आणि हेच लोकांना पटत नाही. "मॅडम, रिपोर्ट कोरडा आला ना, मग आज टोचता कशाला?" अहो, कोरडा आला म्हणजे एवढं अंतर या डोळ्याला झेपलं हे कळलं, आता आज डोस देऊन पुढचं अंतर थोडं जास्त ठेवून बघायचं. पाणी दिसलं तर दोन आठवडे मागे यायचं. असं पुढे-मागे करत प्रत्येक डोळ्याची स्वतःची गॅप सापडते.

याने नजरेचं नुकसान होत नाही हे नीट तपासून झालंय. कॅनडात कॅनट्रीट नावाचा अभ्यास झाला, दोन वर्षांत दर महिन्याला घेणाऱ्यांना सरासरी २३.५ इंजेक्शनं लागली, गॅप वाढवत जाणाऱ्यांना १७.६, आणि नजर दोन्ही गटांची सारखी राहिली.

आत्याचं सांगते. दहा आठवड्यांपर्यंत छान गेली, बारावर नेलं तर पाणी आलं, परत दहावर आणलं, सहा-आठ महिन्यांनी पुन्हा बारा करून बघितलं, पुन्हा पाणी. मग डॉक्टरांनी ठरवलं की हिची गॅप दहा. वर्षाला बारा-तेराच्या जागी पाच. बारा झाले नाहीत म्हणून ती हिरमुसली होती, पण मला विचाराल तर पाच ही फार चांगली संख्या आहे.

४. त्यापेक्षा पाणी दिसेल तेव्हाच घेतलं तर? उगाच कोरड्या डोळ्यात कशाला?

हीसुद्धा पद्धत आहे, गरजेप्रमाणे म्हणतात. पण त्यात इंजेक्शन गरजेप्रमाणे असलं तरी तपासणी दर महिन्याला असते, न चुकता. अमेरिकेतल्या कॅट अभ्यासात इतक्या कडक तपासणीत ठेवूनही दोन वर्षांनी या गटाची नजर दर महिना घेणाऱ्यांपेक्षा किंचित मागे राहिली. आणि खऱ्या आयुष्यात काय होतं ते मी रोज बघते. छोटा उदेपूरहून, डभोईहून येणारा माणूस दोनदा कोरडा रिपोर्ट घेऊन गेला की तिसऱ्यांदा येत नाही, मुलाला सुट्टी नसते, शेतात काम असतं, आणि एकदम पाच महिन्यांनी येतो तेव्हा पडद्याखाली रक्त असतं. प्रत्येक वेळी पाझर होऊ द्यायचा आणि मग धावायचं, यात पेशी थोड्या थोड्या मरतात, त्या परत येत नाहीत. म्हणून माझं मत स्पष्ट प्रश्न ३ च्या पद्धतीकडे आहे.

५. शेजारच्या काकांना चार महिन्यांनी देतात आणि आईला दर सहा आठवड्यांनी. डॉक्टर पैशासाठी करतायत का?

शंका मनात येते, समजू शकते, खिशाला चाट बसते. पण दोन डोळ्यांची तुलना करून काही कळत नाही. काहींची वाहिन्यांची गाठ लहान असते, लवकर शांत होते. काहींचा डोळा सहा आठवड्यांच्या पुढे जातच नाही, आणि अगदी थोड्यांना तर चारच आठवडे झेपतात. जपानमधल्या अल्टेअर अभ्यासात अफ्लिबरसेप्ट या औषधावर दोन वर्षांच्या सुमारास चाळीस टक्क्यांहून जास्त लोक सोळा आठवड्यांवर पोचले होते, म्हणजे उरलेले पोचले नव्हते, आणि औषध सगळ्यांना तेच होतं.

शंका असेल तर सरळ विचारा, "गॅप वाढवून बघितली होती का, तेव्हा ओसीटीत काय दिसलं?" चांगला डॉक्टर जुना आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी लावून दाखवतो, काळी पोकळी दिसते पाण्याची, शिक्षण लागत नाही ते बघायला. दाखवत नसेल तर दुसरं मत घ्या, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

६. नवीन महागडी औषधं घेतली तर फेऱ्या कमी होतात का?

बऱ्याच जणांच्या होतात, सगळ्यांच्या नाही. फॅरिसिमॅब, म्हणजे वॅबिस्मो, व्हीईजीएफबरोबर आणखी एक रस्ता अडवतं. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये मंजूर झालं, आता भारतातही मिळतं. त्याच्या मुख्य अभ्यासांत वर्षाअखेर साधारण ४५ टक्के लोक सोळा आठवड्यांच्या अंतरावर होते. अफ्लिबरसेप्टचा २ मिलिग्रॅमऐवजी ८ मिलिग्रॅमचा डोस २०२३ मध्ये तिकडे मंजूर झाला, त्यातही तीन सुरुवातीच्या डोसनंतर बहुतेकांना बारा ते सोळा आठवडे निभले. पण हे आकडे पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्यांचे आहेत. चार वर्षं दर पाच आठवड्यांनी घेणाऱ्या आजोबांचं औषध बदललं म्हणून ते थेट सोळावर जातील असं कुणी कबूल करत असेल तर सावध राहा. दोन-चार आठवडे वाढले तरी फायदाच आहे.

ब्रोलुसिझुमॅब, इथे पॅजेनॅक्स नावाने येतं, तेही लांब टिकतं, पण काही रुग्णांत आतून दाह होऊन पडद्याच्या रक्तवाहिन्या बंद झाल्या, म्हणून डॉक्टर ते जपून वापरतात. ते घेतल्यावर डोळा लाल झाला, नवे काळे ठिपके तरंगायला लागले, दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी दाखवायचं.

७. आम्हाला स्वस्तातलं अॅव्हास्टिनच परवडतं. त्यात गॅप वाढते का? आणि गुजरातमध्ये त्यावर बंदी आली होती ना?

वाढते. अॅव्हास्टिन म्हणजे बेव्हासिझुमॅब, मूळ कॅन्सरचं औषध, डोळ्यात कंपनीच्या लेबलबाहेर वापरतात. कॅट अभ्यासात २०११ साली वर्षभरानंतर त्याने आणि महागड्या रॅनिबिझुमॅबने मिळालेली नजर सारखीच निघाली. पडदा कोरडा ठेवण्यात ते जरासं कमी पडतं, त्यामुळे गॅप कदाचित तितकी ताणता येत नाही, पण काहीच न घेण्यापेक्षा किंवा महागडं एक घेऊन पुढची तीन चुकवण्यापेक्षा हे हजारपट बरं. हिशेब एका इंजेक्शनचा करू नका, अख्ख्या वर्षाचा करा, औषध गुणिले वेळा अधिक येण्याजाण्याचा खर्च, आणि तो डॉक्टरांसमोर मांडा, लाजू नका.

बंदीचं म्हणाल तर, अहमदाबादेत रुग्णांच्या डोळ्यांना त्रास झाल्यावर जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डोळ्यात वापरू नका असा इशारा काढला होता, दोनेक महिन्यांत तो मागे घेतला गेला. यात खरी काळजी असते ती एका मोठ्या बाटलीतून बरेच डोस भरण्याची, तिथे स्वच्छता कडक हवी. कुठे भरतात, कसं भरतात हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मधला पर्यायही आहे, रॅनिबिझुमॅबचं भारतीय बायोसिमिलर, म्हणजे त्याच्यासारखंच बनवलेलं औषध, रॅझुमॅब, अहमदाबादच्याच इंटास कंपनीने २०१५ मध्ये आणलेलं, मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त.

८. ओसीटीत थोडं पाणी दिसतंय तरी डॉक्टर म्हणाले गॅप वाढवू. चुकतंय का?

चुकत असेलच असं नाही. पाणी कुठे आहे त्यावर आहे. पडद्याच्या आत थरांमध्ये पाणी असेल तर ते वाईट, तिथे सहसा कुणी ढिलाई करत नाही. पडद्याच्या खाली पातळसं, न वाढणारं पाणी असेल तर काही डॉक्टर ते चालवून घेतात. फ्लुइड नावाच्या अभ्यासात असं २०० मायक्रॉनपर्यंतचं, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं पाणी सोडून देऊनही दोन वर्षांनी नजर तशीच राहिली होती. फक्त ते "न वाढणारं" आहे की नाही हे मागचे स्कॅन बघूनच कळतं, म्हणून जुनी फाइल घरी विसरू नका!

९. बाबांना दर महिन्याला देऊनही पाणी जात नाही. आता हिरव्या डायची तपासणी सांगितली आहे, का?

आपल्याकडे, एकूणच आशियात, एएमडी वाटणाऱ्या बऱ्याच डोळ्यांत खरं तर पॉलिप असतात, रक्तवाहिन्यांना द्राक्षासारखे फुगे, त्याला पीसीव्ही म्हणतात. ते आयसीजी अँजिओग्राफीत, म्हणजे त्या हिरव्या डायच्या तपासणीत नीट दिसतात. पॉलिप निघाले तर इंजेक्शनबरोबर पीडीटी नावाचं कोल्ड लेसर करता येतं, आणि एव्हरेस्ट टू अभ्यासात असं जोडून केल्यावर वर्षभरात इंजेक्शनं कमी लागली, नजरही जास्त सुधारली. अडचण अशी की पीडीटीसाठी लागणाऱ्या व्हर्टेपॉर्फिनचा तुटवडा मधल्या काळात जगभर होता, सगळीकडे मिळत नाही, चौकशी करावी लागते. ते केल्यावर काही दिवस उन्हापासून अंग झाकून राहायचं असतं, तेव्हा उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या आठवड्यात तारीख घेऊ नका, गच्चीवर गेल्याशिवाय राहवत नाही कुणाला.

१०. पालेभाज्या, डोळ्याच्या गोळ्या, आयुर्वेदिक टिपां (डोळ्यात घालायचे थेंब), यांनी इंजेक्शनं कमी होतील का?

टिपांनी नाही, औषध बाहेरून पडद्यापर्यंत पोचत नाही. एरेड्स टू वाल्या गोळ्या, ज्यात ल्युटिन १० मिलिग्रॅम, झियाझँथिन २ मिलिग्रॅम, सी आणि ई व्हिटॅमिन, झिंक, कॉपर असतं, त्या मध्यम पायरीचा ड्राय एएमडी पुढे सरकण्याचा धोका कमी करतात, म्हणून दुसऱ्या डोळ्यासाठी त्यांचा उपयोग असू शकतो. चालू इंजेक्शनं त्याने कमी होत नाहीत. सिगरेट किंवा विडी ओढणाऱ्याने बीटा कॅरोटिन असलेली जुनी गोळी घेऊ नये, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पालक, मेथी, चवळी जरूर खा. आणि विडी-सिगरेट सोडा, आपल्या हातात असलेल्या कारणांपैकी हे सगळ्यात मोठं आहे.

११. तारीख चुकली तर काय? पुराच्या वेळी आमची तीन आठवडे गेली.

ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमच्याकडेही बरेच जण आलेच नाहीत, कसे येणार. नंतर जे आठ-दहा दिवसांत आले त्यातले बहुतेक सावरले. जे "आता चुकलीच आहे तर दिवाळीनंतर बघू" म्हणाले त्यांच्यातल्या काहींचं वाचन गेलं ते गेलंच, आणि त्यांना स्कॅन दाखवताना माझ्याच घशात आवंढा आला होता. तेव्हा चुकली तर लवकरात लवकरची तारीख घ्या, फोनवर सांगा की मी इंजेक्शनवाला पेशंट आहे, नुसता चष्म्याचा नाही. गॅप कमी करून परत पहिल्यासारखी वाढवता येते.

१२. मुलाकडे अमेरिकेला चार महिने जायचंय. जाण्याआधी दोन घेऊन टाकली तर चालेल का?

नाही, दोन एकदम घेऊन दुप्पट टिकत नाही. तुमची सापडलेली गॅप दहा आठवडे असेल तर चार महिन्यांत एक तरी तिकडे घ्यावंच लागेल, आणि तिकडचा खर्च भयंकर असतो, प्रवास विम्यात जुना आजार सहसा धरत नाहीत. शक्य असेल तर ट्रिप गॅपमध्ये बसवा. पुण्या-मुंबईला जात असाल तर सोपं आहे, ओसीटीच्या प्रती पेनड्राइव्हवर, कोणत्या तारखेला कोणतं औषध हा कागद, आणि आधीच घेतलेली अपॉइंटमेंट.

१३. दोन्ही डोळ्यांत आहे. दोघांची गॅप सारखी ठेवता येते का?

हट्ट धरू नका. एक डोळा सहावर आणि दुसरा बारावर असेल तर दर दुसऱ्या फेरीत दोन्ही होतात, तेवढं जुळवता येतं. एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत देतात, फक्त प्रत्येक डोळा वेगळा साफ करून, वेगळ्या सामानाने. आणि ज्यांचा एक डोळा आधीच गेलाय त्यांनी उरलेल्या डोळ्याची गॅप वाढवताना घाई करू नये. तिथे दोन फेऱ्या वाचवण्यापेक्षा नजर मोठी.

१४. खरं सांगायचं तर भीतीमुळे कमी करायचीत. रात्रभर डोळा चुरचुरतो.

यात लाजायचं काही नाही, आत्या आदल्या रात्री झोपायची नाही. सुई अतिशय बारीक असते, औषध सहसा ०.०५ मिलिलिटर, टोचणं काही सेकंदांचं. रात्रीची चुरचुर बहुतेक वेळा बेटाडिनची असते, सुईची नाही. नीट धुवायला सांगा, आणि पुढच्या वेळी आधीच सांगून ठेवा. पण बेटाडिन नको म्हणू नका, इन्फेक्शन तेच टाळतं. डोळ्याच्या पांढऱ्यावर लाल डाग आठवडा-दोन आठवडे राहतो, एखादा गोल बुडबुडा दिवसभर तरंगतो, हे चालतं. रक्त पातळ करायची गोळी यासाठी स्वतःहून बंद करू नका. हल्लीच हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिस झाला असेल तर मात्र इंजेक्शनआधी सांगा.

आतलं इन्फेक्शन साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्याला होतं. पहिल्या आठवड्यात दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, दिसणं धूसर झालं तर रात्री बारा वाजले असले तरी फोन करा.

१५. पूर्ण बंद कधी करता येतं?

दोनच परिस्थितींत करता येतं. एक, लांब गॅपवर बरेचदा सलग कोरडा राहिला तर काही डॉक्टर थांबवून नुसतं लक्ष ठेवतात. पण बऱ्याच जणांचा पाझर परत येतो, कधी वर्षानंतर, म्हणून तपासणी बंद होत नाही. दोन, मधोमध पक्का व्रण झाला आणि औषधाने काही मिळणारच नसेल तर. तेव्हा वाईट वाटतं, पण उगाच टोचून घेण्यात अर्थ नसतो, मग भिंग, मोठ्या अक्षरांचा मोबाइल, लो व्हिजनची मदत.

१६. डोळ्यात बसवायची टाकी, जीन थेरपी, रेडिएशन, असं काही आलंय म्हणतात?

टाकी म्हणजे ससव्हिमो, ऑपरेशन करून बसवतात, सहा महिन्यांनी भरतात. अमेरिकेत २०२१ ला मंजूर झाली, २०२२ ला दोषामुळे परत बोलावली, दुरुस्त करून २०२४ ला पुन्हा आली. इन्फेक्शनचा धोका साध्या इंजेक्शनांपेक्षा जास्त. जीन थेरपी अजून चाचण्यांत आहे, कुणी पैसे घेऊन देतो म्हणाला तर पळा. रेडिएशनचा ब्रिटनमध्ये अभ्यास झाला, दोन वर्षांत इंजेक्शनं १३.३ वरून १०.७ वर आली. फरक खरा आहे, पण पडद्यावर रेडिएशनच्या खुणाही दिसल्या.

१७. डायबेटिसच्या सुजेला हेच लागू का?

औषधं तीच, आजार वेगळा, वेळापत्रकही वेगळं. इथले आकडे तिथे लावू नका.

१८. मेडिक्लेममध्ये बसतं का?

इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकांच्या, २०१९ च्या नियमांत डोळ्यातलं इंजेक्शन आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, त्यामुळे ॲडमिट नव्हते म्हणून सरळ नाही म्हणता येत नाही. पण पॉलिसीत रकमेची मर्यादा असू शकते, ती ओळ आधी वाचा. सत्तरच्या पुढचे असाल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा आणि कोणतं औषध त्यात बसतं ते हॉस्पिटलच्या आयुष्मान डेस्कवर विचारून घ्या.

१९. गॅप वाढवल्यावर मधल्या दिवसांत घरी काय बघायचं?

रोज सकाळी चष्मा लावून, एक डोळा हाताने झाकून, मग दुसरा. डॉक्टर ॲम्सलरची चौकटी, म्हणजे आडव्या-उभ्या रेघांचा कागद, देतात, ती फ्रिजवर चिकटवा, हरवली तर बाथरूमच्या टाइल्सच्या रेषा चालतात. रेघ वाकली, मधला चौकोन पुसट झाला, कालपेक्षा वेगळं वाटलं, तर तारखेची वाट न बघता फोन करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघू नका, चांगला डोळा सगळं झाकून घेतो, महिनाभर कळत नाही. आत्या चहा उकळेपर्यंत ओट्यासमोरच्या खिडकीचे गज बघते. मागच्या वर्षी तारखेला तीन आठवडे बाकी असताना एक गज वाकडा दिसला म्हणून तिनेच मला फोन केला, दुपारी स्कॅन केला, पाणी होतं, संध्याकाळी इंजेक्शन झालं, आणि ती अजून मोठ्या अक्षरांतली पोथी स्वतः वाचते.